आठवी नापास

कालपासून डिपार्टमेंटमध्ये माझं नाव 'आठवी नापास' पडलंय. ज्युनियर तोंडावर म्हणत नाहीत, पण मी खोलीत शिरलो की एकदम कामाला लागतात, त्यावरून कळतं.

मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात. त्यातली आठवी ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची. पहिली वासाची, ती सहसा कुणी तपासत नाही, म्हणून फाईलवर इमानदारीने '2 ते 12 नॉर्मल' असं लिहायचं. मी काल तसंच लिहिलं. पहाटे तीन वाजता, माझ्या अक्षरात, खाली माझी सही.

न्यूरोलॉजीच्या सीनियर रेसिडेंटला रात्री बोलावणी फार. आपल्या वॉर्डात तो कमीच सापडतो. मेडिसिन, सर्जरी, ऑर्थो, गायनॅक, जिथून फोन येईल तिथे हातोडी, टॉर्च आणि ट्यूनिंग फोर्क घेऊन जायचं आणि मत द्यायचं. गेल्यावर फाईलवर आधीच लिहिलेलं असतं, 'न्यूरो टू सी'. म्हणजे आम्ही पाहिलेलं नाही, तुम्ही पाहा. फोनची सुरुवातही ठरलेली: "सर, झोपला होतात का?" याचं बरोबर उत्तर मला तीन वर्षांत सापडलेलं नाही. 'हो' म्हटलं तर आपण आळशी, 'नाही' म्हटलं तर समोरचा खूश होऊन आणखी एक पेशंट सांगतो.

तर 2 वाजून 50 मिनिटांनी ऑर्थोच्या बायकांच्या वॉर्डातून फोन. सकाळी गुडघ्याचं ऑपरेशन असलेल्या आजी. बारा वाजता सिस्टरशी व्यवस्थित बोलल्या. अडीचला बीपी घ्यायला गेले तर बोलणं अस्पष्ट, सांगितलेलं समजत नाही, समोरचा माणूस ओळखत नाहीत.

स्ट्रोकमध्ये गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांत द्यावं लागतं. बाराला साडेचार मिळवले की साडेचारच. लिफ्ट नेहमीप्रमाणे कुठेतरी वर विचारमग्न. तीन मजले जिन्याने. मोठी रक्तवाहिनी बंद पडली की मिनिटाला 19 लाख पेशी मरतात असा हिशेब 2006 साली एकाने मांडून ठेवलाय. तेव्हापासून आम्ही जिना पायऱ्यांत मोजत नाही. दोन मिनिटं, 38 लाख. माझ्या किती गेल्या ते कुणी मांडलेलं नाही.

आजी खाटेवर टक्क जाग्या. हात हलताहेत, पाय हलताहेत, चेहरा सरळ.

"आजी, हा महिना कोणता?"

"नाही रे, पोट साफ आहे."

"तुमचं वय किती?"

"एकदा दुपारी, एकदा रात्री झोपताना."

माझ्या अंगावर काटा आला. बोलणं अस्खलित, आणि विचारलेल्याशी संबंध शून्य! वेर्निके अफेजिया, म्हणजे स्ट्रोकने भाषेची समजच जाणं! 1874 साली वेर्निकेने हे लिहिलं तेव्हा तो 26 वर्षांचा होता. मी 29 चा. माणसाने लाजावं अशी गोष्ट आहे, पण आजींना स्ट्रोक झालाय याचं वाईट वाटण्याआधी मला पुस्तकातली केस मिळाल्याचा आनंद झाला.

"अहो डॉक्टर, मी काय म्हणते," शेजारच्या खाटेवरून आवाज आला. मांडीचं हाड मोडलेल्या एक काकू ट्रॅक्शनमध्ये पाय टांगून पडल्या होत्या. झोप त्यांनाही नव्हती.

"काकू, जरा थांबा. इमर्जन्सी आहे."

तोंडी सूचना समजत नसेल तर खुणेने करून दाखवायचं असा नियम आहे. मी आजींसमोर मूठ आवळली, उघडली, आवळली. आजींनी बाही वर सारली, मूठ घट्ट आवळून हात माझ्यापुढे केला आणि मान पलीकडे वळवून म्हणाल्या, "हळू टोच."

"डॉक्टर, त्या ना..."

"काकू, प्लीज."

मग हुकमाचा एक्का. कागदावर ठळक अक्षरात 'डोळे मिटा' असं लिहून कागद त्यांच्यापुढे धरला. आजींनी तो लांब धरला, जवळ धरला, तिरका धरला आणि विचारलं, "सही कुठं करू?"

वाचनही गेलं! मी तिथूनच सरांना फोन लावला. सरांच्या आवाजातली झोप एका शब्दात उतरली. "सीटीला घ्या, मी निघतोय." सीटीचा टेक्निशियन उठला, रेडिओलॉजीचा रेसिडेंट उठला, ट्रॉली आली. आजींचं वजन अंदाजे 60 किलो, किलोला 0.9 मिलीग्रॅम, म्हणजे 54. त्यातला दहावा भाग लगेच, उरलेलं तासाभरात. आकडेमोड बिनचूक होती, हे मला कुठेतरी नोंदवून ठेवायचंय.

"ओ डॉक्टर!" काकू आता ट्रॅक्शनचा दांडा धरून अर्ध्या उठल्या होत्या. खालची वजनं हलायला लागली. ऑर्थोचा ज्युनियर स्ट्रोक सोडून वजनांकडे धावला. "मघापासून बोंबलतेय मी. त्या खणात बघा आधी!"

"खणात काय आहे?"

"कान!"

वॉर्ड शांत झाला.

"कान, दात, डोळे, सगळं खणात आहे त्यांचं. सकाळी ऑपरेशन म्हणून बारा वाजता त्या सिस्टरबाईंनी काढून ठेवलं आणि गेल्या दुसऱ्या वॉर्डात. मी बघत होते ना! डबी निळी आहे."

डबी निळीच होती. त्यात श्रवणयंत्र, शेजारी चष्मा, मागे वाटीत कवळी. मी यंत्र आजींच्या कानात बसवायला गेलो, ते कुकरची शिट्टी अडकल्यासारखं किंचाळलं. आजींनी माझा हात बाजूला केला, बोटाच्या एका वळणाने ते नीट बसवलं, चष्मा लावला, कवळी चढवली आणि मला नखशिखान्त न्याहाळून म्हणाल्या, "हां. आता बोल. मघापासून तोंड हलवतोयस नुसतं."

महिना बरोबर सांगितला. वय बरोबर सांगितलं.

"मला विचारलंच नाही कुणी," काकू उशीवर टेकत म्हणाल्या.

सर गाडीत बसले होते. गेट उघडलं होतं म्हणे. मी सगळं सांगितल्यावर फोनवर बराच वेळ काही आलं नाही, मग अगदी हळू आवाजात एवढंच: "आठवी तपासली होती का?" माझ्या खिशात तेव्हा ट्यूनिंग फोर्क होता. 128 चा, पायाच्या अंगठ्याला लावून कंप कळतो का ते बघायचा.

हसायला ठीक आहे. पण स्ट्रोकच्या पहिल्या काही तासांत सीटी बऱ्याचदा साफच येतो. तो मुळात रक्तस्राव नाही ना, एवढं बघायला काढायचा. आजींचाही साफच आला असता, आणि मी 54 मिलीग्रॅम भरायला घेतलं असतं. 1995 च्या ज्या अभ्यासाने हे औषध रूढ केलं, त्यातच शंभरातल्या सहांना मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला होता. तो धोका खरी गुठळी असेल तर पत्करायचा असतो. निळ्या डबीसाठी नाही.

आणि सकाळी नऊच्या ऑपरेशनसाठी रात्री बाराला माणसाचे कान काढायचे कशाला? 'ऐकू कमी येतं' हे फाईलच्या तिसऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. पेन्सिलीने! ते मी वाचलं नाही, हे मान्य. पण माझ्याआधी ज्या चौघांनी ती फाईल हाताळली, त्यांना कुणी आठवी नापास म्हणत नाही. ऑर्थोच्या ज्युनियरने तर सकाळी लिहिलं, 'न्यूरोच्या सल्ल्याने श्रवणयंत्र लावले. लक्षणीय सुधारणा.' काकूंचा उल्लेख नाही. त्यांनी मात्र राऊंडला आलेल्या आमच्या सरांना हाताने बोलावून सगळं पुन्हा सांगितलं, 'सही कुठं करू'च्या आवाजासकट.

पण खरं डाचतंय ते वेगळंच. तिसऱ्या मजल्याच्या नादात पाचव्यावरचा राहिला. गिया-बारे झालेला तरुण मुलगा. पायापासून वर चढत जाणारी कमजोरी, चार-पाचातल्या एकाला व्हेंटिलेटर लागतो. एका श्वासात किती आकडे मोजतो ते मी दर तीन तासांनी बघत होतो. रात्री नऊला 28, बाराला 26. वीसच्या जवळ आला की आयसीयू. तीनला येतो म्हणालो होतो. पोचलो 3 वाजून 50 मिनिटांनी, पुन्हा जिन्यानेच.

तो दाराकडे बघत जागा होता. "मला वाटलं विसरलात," एवढंच म्हणाला.

मी घड्याळ धरलं, त्याने श्वास घेतला. सवयीने मीही त्याच्याबरोबर मोजायला लागलो. सतराला माझा दम संपला. तो माझ्याकडे काळजीने बघत चोवीसपर्यंत गेला.