चौथ्या सीटचा हातचा

सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये बसायला मिळालं, की माणसानं गुपचूप डोळे मिटावेत. मी मिटलेही होते. पण शेजारी नाना बसलेत हे आधी बघायला हवं होतं. नाना आमच्या सोसायटीतले, गणिताचे मास्तर. निवृत्त झाले ते शाळेतून, गणितातून नव्हे.

"झोपतोस काय? नऊ वेळा एक लिही आणि त्या संख्येला तिनंच गुण."

सुटका लवकर व्हावी म्हणून मोबाइल काढला. उत्तर आलं १.२३४५६७९, पुढे ई आणि १६.

"आठ कुठाय?" नाना गुरकावले. "जागा पुरली नाही म्हणून गिळला मेल्यानं. कागद काढ."

खिशात इस्त्रीवाल्याची चिठ्ठी होती. 'पँट ४, शर्ट ६' याच्या पाठीमागे मी नऊ एकांची ओळ लिहिली. तिच्याखाली तीच ओळ, एक घर डावीकडे सरकवून. मग पुन्हा तीच. अशा नऊ. कोपर गेलं, दिवा गेलं. मुंब्र्याला गाडीनं हिसका दिला आणि सहावी ओळ तिरपी होऊन सातवीच्या अंगावर गेली. समोरचे गृहस्थ मला सट्टेबाज समजून आकडे टिपायला लागले.

बेरीज मात्र लोण्यासारखी झाली. उभ्या रांगांत एक, दोन, तीन असे एक वाढत मधोमध नऊ, मग उतरती भाजणी: १२३४५६७८९८७६५४३२१. उलटं वाचा, तेच. कुठे हातचा नाही.

"डेम्लो संख्या!" नानांचा आवाज भरून आला. "कापरेकरांनी नाव दिलंय. देवळालीच्या शाळेतले मास्तर. डेम्लो म्हणजे आपलं डोंबिवली, इंग्रजांच्या जीआयपी रेल्वेच्या काळातलं. कल्पना त्यांना तिथंच सुचली."

मी त्याच फलाटावर बावीस वर्षं उभा आहे. मला आजवर सुचलंय ते एवढंच, की डबा इंडिकेटरपासून चार पावलं पुढे थांबतो.

"अंकांची बेरीज कर." ८१. "आता भाग." भाग गेला, बाकी शून्य. अशा संख्यांना कापरेकर हर्षद म्हणत, म्हणजे आनंद देणाऱ्या. भागाकार आला १५२४१५७८९९७१०४१, आणि हा १२३४५६७९ चा वर्ग निघाला. मोबाइलनं गिळलेला आठ इथंही नाहीच. त्या यंत्राला मी मनोमन माफ केलं.

कळव्याला वाटलं, संपलं. नाना म्हणाले, "आता दहा एक घे."

चिठ्ठीवर जागा नव्हती, शर्टांच्या मधूनमधून लिहिलं. मधल्या रांगेत दहा एक जमले आणि सगळी शिस्त कोसळली: १२३४५६७९००९८७६५४३२१. मध्ये दोन शून्यं, वर चढत्या बाजूचा आठ पुन्हा बेपत्ता.

"नऊपर्यंत सगळे गुण्यागोविंदानं. दहावा आला की हातचा, आणि हातचा आला की शेजाऱ्याच्या मांडीवर," नाना सांगत होते, तोवर ठाणं आलं. लोंढा आत घुसला. खांद्याला भलीमोठी बॅग लावलेला एक धिप्पाड इसम आमच्या तिघांच्या बाकापाशी येऊन उभा राहिला.

"काका, जरा सरकून घ्या."

नानांनी माझ्याकडे बघून टाळी मागितली.