ठाण्याची फेरी मुलांना झेपेल एवढीच ठेवा

ठाण्याच्या एका दिवसाच्या फेरीवर एक लेख वाचला. त्यात स्टेशन, तलावपाळी (म्हणजे मासुंदा तलावाचा काठ) आणि घोडबंदर किल्ला एकाच दिवसात बसवलाय. लहान मुलं असतील तर हे जमत नाही, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्येच ती वैतागतात. घोडबंदर किल्ला दुसऱ्या रविवारी ठेवा.

सकाळी सातला स्टेशनवरून निघा. १८५३ साली बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी इथेच आली होती. जांभळी नाक्यावरून कौपिनेश्वर मंदिर. तिथलं भलंमोठं शिवलिंग मुलांना जवळून दाखवा. मग मासुंदा तलावाला वळसा आणि पुढे मध्यवर्ती कारागृह, म्हणजे मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला. आत सोडत नाहीत, तट बाहेरूनच बघायचा. क्रांतिकारक अनंत कान्हेरेंना १९१० मध्ये इथेच फाशी दिली, हे मुलांना सांगायलाच हवं.

बाबागाडी मात्र नकोच. बाजार भरला की नाक्यावर ती पुढे सरकत नाही.