हिरव्या हाउसची दीक्षा

कन्येला मेलबर्नमधल्या एका अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या ख्रिस्ती पंथाच्या, मुलींच्या शाळेत घातल्याचं कळलं आणि आमच्या नातेवाइकांत दोन तट पडले. पहिल्या तटाने फी विचारली आणि आकडा ऐकून पुढचं काही विचारायचं त्राण त्यांच्यात उरलं नाही. (वरच्या वर्गांची वर्षाची फी तीस हजार डॉलरच्या पुढे जाते. रुपयांत करून बघू नये.) दुसऱ्या तटाचं नेतृत्व सासूबाईंकडे होतं. त्या तेव्हा पुण्याहून लांबच्या मुक्कामाला आल्या होत्या आणि स्वतः हुजूरपागेच्या असल्यामुळे मुलींच्या शाळांबाबत आमच्या घरात त्यांचाच शब्द शेवटचा. त्यांनी एकच विचारलं, "पोरगी बाटणार तर नाही ना?"

"अगं आई, तुझ्या हुजूरपागेच्या पहिल्या मुख्याध्यापिका मिस हरफर्ड होत्या," नवरा म्हणाला. "तिथे कोण बाटलं?"

"१८८४ सालची गोष्ट सांगू नकोस. तेव्हा लक्ष ठेवायला टिळक होते."

टिळकांचं नाव निघालं आणि नवऱ्याला आयतंच सापडलं. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आणि इतर बरीच मंडळी व्याख्यानाच्या निमित्ताने जमली, तिथे चहा-बिस्किटं पुढे आली, कुणी प्यायले, कुणी नाही. हा घाट घालणाऱ्या गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, मग सगळ्यांची नावं वर्तमानपत्रात येतील अशी सोय केली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. पंचहौदवाले अँग्लिकनच. म्हणजे पुण्याचा आणि या पंथाचा संबंध जुना, आणि तोही चहाचा.

नव्या पालकांसाठी शाळेने 'मॉर्निंग टी' ठेवला, तेव्हा सासूबाई काठापदराची साडी नेसून निरीक्षक म्हणून आल्या. "मी कप नुसता हातात धरीन," असं त्यांनी गाडीतच जाहीर केलं होतं. तिथे गरम स्कोन, स्ट्रॉबेरीचा जॅम आणि घट्ट क्रीम. दुसऱ्या कपाच्या वेळी मी त्यांच्याकडे बघितलं. "बघतेस काय? गोपाळराव जोशी आहेत का इथे नावं छापायला?"

शाळेच्या पाद्री म्हणून ओळख करून दिली गेली, त्या बाई निघाल्या. गळ्याशी पांढरी पट्टी, पायात धावायचे बूट. ऑस्ट्रेलियाच्या अँग्लिकन चर्चमध्ये बायकांना पौरोहित्याची दीक्षा १९९२ पासून मिळते, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं. सासूबाई एलआयसीतून निवृत्त झालेल्या, इंग्रजीत कुणाचीही उलटतपासणी घेऊ शकतात. "आमच्या पुण्यात त्याच्या कितीतरी आधीपासून बायका सत्यनारायण सांगतात," त्या म्हणाल्या आणि पंथ सुरू कसा झाला ते विचारलं. पाद्रीणबाई प्रामाणिक होत्या. आठव्या हेन्रीला पहिल्या राणीपासून सुटका हवी होती, पोप देईनात, तेव्हा १५३४ साली राजाने इंग्लंडच्या चर्चचं प्रमुखपद स्वतःकडेच घेतलं. गोष्ट एवढी साधी नाही, असंही बाई पुढे सांगत होत्या, पण सासूबाईंचं समाधान झालं होतं. "म्हणजे कारण घरगुतीच," मला मराठीत म्हणाल्या.

त्यानंतर त्यांची भीती पार गेली. ईस्टरच्या आधी लेंट येतो, म्हणजे चाळीस दिवसांचा नेमाचा काळ. तो सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारी घरातली अंडी-लोणी संपवायची म्हणून पॅनकेक करतात. शाळेत मुली तवा हातात घेऊन, त्यातला पॅनकेक उडवत शर्यती पळाल्या. कन्येने हे घरी येऊन सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आखाड तळला की!" पुढचे चाळीस दिवस कुणी चॉकलेट सोडलं, कुणी फोन सोडते म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी परत धरला. सासूबाईंनी चहातली साखर सोडली. देव कुणाचाही असो, नेम तो नेम.

शाळेच्या वर्धापनदिनाची प्रार्थना सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये झाली. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनच्या समोर, ट्रामच्या घंटा आत ऐकू येतात. ज्या बटरफील्डसाहेबांनी आराखडा काढला त्यांनी मेलबर्नला पाऊलही न टाकता, इंग्लंडात बसून कॅथीड्रल काढलं. सासूबाईंना हे त्यांच्या सोसायटीच्या आर्किटेक्टपेक्षा वेगळं वाटलं नाही. पाव वाटायची वेळ झाली. प्रसाद म्हटल्यावर आमच्या घरात कुणी मागे राहत नाही, त्या रांगेत उभ्या राहिल्याच. बाप्तिस्मा नसलेल्यांनी छातीवर हात घडी घालून जायचं असतं, मग पाव न देता नुसता आशीर्वाद देतात. पाद्रीणबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी छान म्हटलं. परत येऊन बसताना सासूबाई म्हणाल्या, "बाई भली आहे. पण हात जरा आखडता."

धर्माचं प्रकरण इथे मिटलं. ज्या गोष्टीने आमचं घर नासवलं तिच्याबद्दल आम्हाला कुणीच सावध केलं नव्हतं, कारण माहितीपुस्तकात ती 'गणवेश' आणि 'हाउस' अशा निरुपद्रवी मथळ्यांखाली होती.

उन्हाळ्याचा झगा वेगळा, हिवाळ्याचा स्कर्ट वेगळा, खेळाचे कपडे वेगळे, आणि या सगळ्यांच्या वर ब्लेझर. ब्लेझर अर्थातच वाढत्या अंगाचा घेतला. इतका वाढत्या अंगाचा, की पहिलं वर्षभर कन्या शाळेत जाते की ब्लेझर तिला घेऊन जातो हे लांबून कळत नसे. नियम असा, की येता-जाता रस्त्यावर सगळ्यात वरचं वस्त्र ब्लेझरच हवं. नुसत्या स्वेटरवर ट्रॅममध्ये दिसलेली मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकेला उत्तर देते. फेब्रुवारीत इथे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा ब्लेझर माफ होतो, पण तो माफ झाल्याची ईमेल साडेआठला येते आणि आम्ही सव्वासातला निघतो.

मोजे किती वर, केसांची रिबन कोणत्या रंगाची, नखांना काय नसावं, हे सगळं लिहिलेलं आहे. यावर मी कुरकुर केली तर सासूबाई शाळेच्या बाजूने. "आम्ही दोन वेण्या वर बांधून जायचो, रिबिनीचं फूल सुटलं तर बाई वर्गाबाहेर उभं करायच्या. मेलो का?"

आणि टोपी. ऑस्ट्रेलियात त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सगळ्यात वरच्या देशांत आहे, अतिनील किरणांचा निर्देशांक तीनवर गेला की डोकं झाका असं सरकारच सांगतं, त्यामुळे टोपीच्या विरुद्ध बोलायची सोय नाही. माझं म्हणणं एवढंच, की जी वस्तू इतकी जीवनावश्यक आहे ती मुलीच्या डोक्याला कशाने तरी जोडून द्यावी. आमच्या टोप्या ट्रॅममध्ये राहतात, मैत्रिणीच्या लॉकरमध्ये राहतात, एक तर हॉकीच्या मैदानावरच्या झाडात राहते. मग मी सेकंडहँड गणवेशाच्या दुकानात जाते. ते पालकच चालवतात आणि तिथे पहिल्यांदा ग्राहक म्हणून गेलेली आई तिसऱ्या खेपेला काउंटरच्या आत उभी असते. तिथे मला कन्येचीच हरवलेली टोपी, आत आमच्याच नावाच्या पट्टीसकट, पाच डॉलरला विकत मिळाली. घेतली. पावतीही मीच फाडली.

डब्याचं थोडक्यात सांगते, नाहीतर मला रडू येईल. शाळेत शेंगदाणे आणायचे नाहीत. ॲलर्जी असलेल्या मुलीचा जीव जाऊ शकतो, त्यामुळे हा नियम मला मनापासून मान्य आहे. पण दाण्याचं कूट वजा केल्यावर मराठी डब्यात उरतं काय? साबुदाण्याची खिचडी गेली. काकडीची कोशिंबीर गेली. भरली वांगी, चटणी, लाडू, चिक्की, सगळं गेलं. आणि काजूही नाहीत. चतुर्थीला मी कुटाशिवाय खिचडी करून बघितली, तेव्हा सासूबाईंनी झाकण उघडून बघितलं, परत लावलं आणि म्हणाल्या, "त्यापेक्षा तिला उपासच करू नकोस म्हणावं. पुण्य राहू दे, निदान पाप तरी नको."

पण खरी दीक्षा झाली ती हाउसची. हाउस, म्हणजे मुलींचे रंगांच्या नावाने पाडलेले गट, आपल्याकडच्या शाळांतही असतात, पण क्रीडादिनाच्या संचलनापुरते. इथे मुलीचं हाउस पहिल्या दिवशी ठरतं आणि मग ते मरेपर्यंत सुटत नाही. धाकटी बहीण आली तर तीही त्याच हाउसमध्ये. सत्तरीच्या माजी विद्यार्थिनी एकमेकींना आधी हाउस विचारतात, मग गुडघे. पोहण्याला गुण, धावण्याला गुण, वादविवादाला, समूहगानाला, डबे-बाटल्या गोळा करण्याला गुण. कन्या हिरव्या हाउसमध्ये पडली, आणि घरात हिरवं सोडून बाकीचे रंग हळूहळू दिसेनासे झाले.

पहिला सण फेब्रुवारीतला, स्विमिंग कार्निव्हल. केसांवर हिरवा स्प्रे, गालांवर हिरवं झिंक, म्हणजे उन्हाचं मलम. प्रत्येक शर्यतीत भाग घेतल्याचाही गुण मिळतो, त्यामुळे ज्यांना पोहता येतं त्या पोहतात आणि बाकीच्यांना हाउस कॅप्टन गोड बोलून पाण्यात ढकलते. आमची लेक ब्रेस्टस्ट्रोकला होती, म्हणजे तिला तो येतो असं तिने सांगितलं होतं. सकाळी मी डबा भरत होते, तर देवघरातला गणपती जागेवर नाही. बघते तर तांब्याच्या घंगाळात, नाकापर्यंत.

"आई, हे काय?"

"देव पाण्यात ठेवलेत. हिरव्यांचा आकडा गेल्या वर्षी शेवटचा होता, सांगत होती पोरगी."

"पण पोहायच्या स्पर्धेला देवालाही पाण्यात…"

"मग? बघू दे त्याला, तिकडे तिचं काय होतंय ते."

कन्या आठांत सातवी आली, आठवीच्या गॉगलमध्ये पाणी गेलं म्हणून. हिरवं हाउस तिसरं आलं. गणपतीला पंचा देऊन, पुसून, दोन दूर्वा जास्त वाहून परत बसवलं. तेव्हापासून सासूबाईंनी कार्निव्हलची तारीख कालनिर्णयात लिहायला सुरुवात केली. ॲथलेटिक्स, क्रॉस कंट्री, हाउस म्युझिक. त्या दिवशी हिरवी साडी, हिरव्या बांगड्या. हाउस म्युझिकला सगळ्या हाउसची प्रत्येक मुलगी स्टेजवर उभी राहून गाते, बेसूर असली तरी. पिवळ्या हाउसच्या गाण्याला टाळ्या वाजवल्या म्हणून मला सभागृहातच कोपर बसलं.

सप्टेंबरमध्ये इथल्या मराठी मंडळाचा गणपती होता. तिथे सासूबाईंना एक आजी भेटल्या. त्याही पुण्याच्या, त्याही हुजूरपागेच्या, त्याही नातीकडे आलेल्या. दोघींनी हात धरले, डोळे पुसले, कुठल्या बाई गणित शिकवायच्या ते निघालं, नागनाथपाराजवळचं कुणाचं तरी घर निघालं. नात आमच्याच शाळेत आहे हेही निघालं, आणि मला वाटलं, चला, आता रविवारची सोय झाली.

"कुठलं हाउस?" सासूबाईंनी विचारलं.

"पिवळं," त्या आजी म्हणाल्या. "आणि तुमचं?"

"हिरवं."

दोघींनी हात सोडवून घेतले. आरतीला सासूबाई सभागृहाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. घरी येताना गाडीत बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "ते प्रसादाचे मोदक त्यांनीच केले होते, कळलं का? गूळ कमी होता."