संन्याशांसाठी काही सूचना

चोर सोडून संन्याशाला फाशी देणं ही आपली जुनी रीत. सोशल मीडियावर ते काम आता पोस्ट आपोआप तपासून उडवणाऱ्या यंत्राकडे आहे आणि त्याला रविवारचीही सुट्टी नसते. चोरांना सल्ल्याची गरज पडत नाही, म्हणून हे चार शब्द संन्याशांसाठी.

तुम्हाला कुणी इनबॉक्समध्ये घाणेरडी शिवी दिली, तर तिचा स्क्रीनशॉट टाकून 'बघा, हा माणूस मला काय म्हणतोय' असं चुकूनही लिहू नका. यंत्राला शिवी दिसते. दिली कुणी आणि दाखवली कुणी, हा बारकावा त्याला झेपत नाही. तुमची पोस्ट उडेल, खातं ब्लॉक होईल आणि शिवी देणारा तिकडे 'शुभ सकाळ' टाकत बसेल. 'बलात्कार' हा शब्दही सरळ लिहू नका. मध्ये टिंब घाला, चांदणी घाला. करणाऱ्याला चांदणी लागत नाही, सांगणारीला लागते.

द्वेषच पसरवायचा असेल तर मात्र सभ्य मराठीत पसरवा. 'त्या लोकांना एकदा त्यांची जागा दाखवलीच पाहिजे.' यात शिवी आहे का? नाही. 'ते लोक' कोण, हे तुमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोराला कळतं, फेसबुकच्या कॅलिफोर्नियातल्या कचेरीत कळत नाही. म्यानमारमध्ये रोहिंग्या मुस्लिमांविरुद्ध फेसबुकवर वर्षानुवर्षं काय काय लिहिलं जात होतं, पण बर्मी वाचणारी माणसं कंपनीकडे मोजकीच. संयुक्त राष्ट्रांच्या तपास पथकाने २०१८ मध्ये ठपका ठेवला, मग कंपनीनेही आपण कमी पडलो असं कबूल केलं. तोवर लाखो लोक सीमा ओलांडून बांगलादेशात पोचले होते. तेव्हा भाषा निवडताना कंपनीला न येणारी निवडा.

इतिहासाचे फोटो टाळा. व्हिएतनाममध्ये नापाम बॉम्बने भाजलेली, रस्त्यावरून उघडी धावणारी नऊ वर्षांची मुलगी तुम्हाला आठवत असेल. १९७२ चा, निक उट यांच्या नावावर असलेला फोटो. २०१६ मध्ये नॉर्वेतल्या एका लेखकाने तो टाकला, फेसबुकने नग्नता म्हणून काढला. तिथल्या 'आफ्टनपोस्टन' या दैनिकाच्या संपादकाने पहिल्या पानावर झुकेरबर्गला पत्र छापलं. पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांनी फोटो टाकला, तोही काढला. एवढं झालं, तेव्हा कुठे फोटो परत आला. तुमचा फोटो उडाला तर अपील करायची पद्धत हीच समजा. आधी एखादी पंतप्रधान गाठा.

कंपन्यांवर भरवसा नसेल तर सरकार आहेच. स्वतःच्या कारभाराबद्दल काय खरं आणि काय खोटं हे ठरवायला केंद्राने २०२३ मध्ये नियमांत सत्यशोधन कक्षाची सोय केली होती. पेपर लिहिणाऱ्यानेच तपासायचा, म्हणजे फेरतपासणीचा खर्च वाचला! मुंबई उच्च न्यायालयाला ही काटकसर पटली नाही. २०२४ मध्ये त्यांनी ती तरतूद रद्द केली.

आणि लिहायचंच नाही, नुसतं लाइक करायचं, असं म्हणणाऱ्या शहाण्यांसाठी पालघर. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. एका मुलीने फेसबुकवर विचारलं, बंद कशासाठी? दुसरीने ते लाइक केलं. दोघींना अटक झाली. पोलिसांच्या हाताशी माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, ऑनलाइन 'आक्षेपार्ह' लिहिणं गुन्हा ठरवणारं कलम ६६-अ होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते २०१५ मध्ये रद्द केलं, पण ही बातमी पोलीस ठाण्यांपर्यंत पोचायला वेळ लागला. त्यानंतरही कित्येक वर्षं त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवले जात होते.

पोस्ट लिहिणाऱ्या मुलीच्या काकांचा पालघरात दवाखाना होता. काकांनी काहीच लिहिलं नव्हतं, लाइकही केलं नव्हतं. जमावाने दवाखाना फोडला. हाडांचे डॉक्टर होते ते.