बाबांच्या गाठीतलं म्युटेशन मुलांत येतं का? (एका कमेंटला उत्तर)

नमस्कार दादा,

तुमची कमेंट काल रात्रीच वाचली, पण तेव्हाच लिहायला बसले असते तर उत्तर तिखट झालं असतं म्हणून थांबले. तुमचं म्हणणं असं की मी माझ्या पोटाच्या कॅन्सरवरच्या पोस्टमध्ये एकीकडे "पोटाचा कॅन्सर बहुतेक वेळा घराण्यातून येत नाही" लिहिते आणि दोन पॅरा खाली न्यूझीलंडच्या घराण्याची गोष्ट सांगून लोकांना घाबरवते. बाबांच्या पोटाच्या गाठीच्या रिपोर्टमध्ये टीपी53 (पेशींची वाढ आवरणारा एक जीन) म्युटेशन, म्हणजे जीनमधला बिघाड, असं वाचून तुम्ही तिघं भावंडं आठवडाभर झोपला नाहीत आणि ताईंनी तर ऑनलाइन थुंकीची टेस्टपण मागवली.

चूक माझीच आहे. म्युटेशन हा एकच शब्द मी दोन वेगळ्या भानगडींना वापरला, एक फक्त गाठीत झालेला बिघाड आणि दुसरा जन्मापासून वारशाने आलेला, आणि तशीच पुढे गेले.

मी डॉक्टर नाही, लॅबमध्ये ब्लॉक कापते. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवलेला असतो, त्याची तीन-चार मायक्रॉनची (केसाहूनही पातळ) चकती कापायची, कोमट पाण्यावर तरंगवायची आणि अलगद काचेवर उचलायची, जरा श्वास जोरात सोडला तरी सुरकुती पडते. बाबांची टेस्ट बहुतेक अशाच ब्लॉकमधून काढलेल्या डीएनएवर झालीय, म्हणजे गाठीच्या डीएनएवर. 2014 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या प्रोजेक्टने 295 गाठी तपासल्या, तेव्हापासून तर पक्कंच झालं की टीपी53 बिघडलेला असणं ही या कॅन्सरमधली अगदी नेहमीची गोष्ट आहे. तो बिघाड बहुतेक वेळा पोटाच्या पेशींतच, वय झाल्यावर कधीतरी झालेला असतो, तुम्ही तर त्याच्या कितीतरी आधी जन्मलात, मग तो तुमच्यात येणार कुठून? क्वचित टीपी53मधला बिघाड जन्मजातही असतो, पण ते सहसा रक्त तपासूनच कळतं.

आता न्यूझीलंड. ते एक माओरी घराणं, तीसेक वर्षांत पंचविसावर माणसं पोटाच्या कॅन्सरने गेली, काही तर अगदी कोवळ्या वयात. घराण्याला शाप आहे असंही बोललं जायचं. शेवटी घरातल्याच लोकांनी शास्त्रज्ञांना गाठलं, आणि 1998 मध्ये ओटागो विद्यापीठाच्या पॅरी गिलफर्ड यांच्या टीमने सीडीएच1 जीनमधला बिघाड शोधला. हा जीन पेशींना एकमेकींना चिकटवून ठेवणारं प्रोटीन बनवतो. त्याची एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली असते, दुसरी पुढे पोटात कुठेतरी बंद पडते आणि पेशी सुट्या होऊन अस्तराखाली पसरायला लागतात. स्लाइडवर त्या अंगठीसारख्या दिसतात, आत म्यूकस भरलेला आणि केंद्रक एका कडेला ढकललेलं. वर गाठ अशी दिसतच नाही, त्यामुळे एंडोस्कोपी नॉर्मल येऊनही आत कॅन्सर असू शकतो, आणि म्हणूनच ज्यांच्यात हा बिघाड सापडतो त्यांच्यातले बरेच जण धडधाकट असताना अख्खं पोट काढून घेतात, मग आयुष्यभर बी-12 घेत राहायचं. पण पोटाच्या शंभर कॅन्सरांत असे वारशाने आलेले एक ते तीनच. हा आकडा मी पोस्टमध्ये टाकला होता, पण तळाला, तिथवर कोण वाचतं!

"जीन्स जीन्स करताय, एच पायलोरीचं काय" हा टोमणा मान्य. तो जंतू पोटात वर्षानुवर्षं सूज ठेवतो आणि त्या सुजेतच म्युटेशन साठत जातात, त्यामुळे दोन बाजू नाहीतच, गोष्ट एकच आहे. त्यावर वेगळं लिहीन.

ताईंच्या टेस्टबद्दल: अशा बऱ्याच किट्स जीनमधल्या मोजक्याच जागा बघतात, तेव्हा "निगेटिव्ह" आलं म्हणून पेढे वाटू नका. घरात अजून कोणाला पोटाचा कॅन्सर झाला असेल, विशेषतः पन्नाशीच्या आत, किंवा आत्याला, आजीला स्तनाचा लोब्युलर प्रकारचा (दूधग्रंथींत सुरू होणारा), तर जेनेटिक काउन्सेलरकडे (वारशाने येणाऱ्या आजारांवर सल्ला देणाऱ्याकडे) जा, तिथे आधी कागदावर वंशावळ काढतात (काकू रक्ताच्या नात्यातली नाही म्हणून यात धरत नाहीत, आमच्याकडे यावरून एकदा चांगलाच वाद झाला होता).

पोस्ट दुरुस्त केलीय. तुम्ही फक्त एक करा, बाबांच्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर नमुन्याची ओळ असेल, तिथे ब्लॉक लिहिलंय की रक्त, तेवढं बघून इथेच सांगा.