बिनपगारी ग्रंथपाल

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या अपार्टमेंटचं स्वतःचं ऑनलाइन वाचनालय आहे. एका जुन्या लॅपटॉपवर कॅलिबर-वेब नावाचं, ई-पुस्तकं ब्राउझरमधून वाचायचं-उतरवायचं सॉफ्टवेअर टाकलंय आणि तो लॅपटॉप माझ्याकडे कूलरसमोर ठेवलाय, म्हणून ॲडमिन मी. पुस्तकं सगळी कायदेशीर. आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षांनी हक्क संपतात. त्यामुळे १९१९ साली इथून जवळच, सावनेरला वारलेले राम गणेश गडकरी आम्ही बिनधास्त वाटतो.

प्रत्येक सभासदाला वेगळं खातं. खात्यापुढे चौकटी: डाउनलोड, अपलोड, संपादन, डिलीट. ज्याला जे द्यायचं, तिथे टिक. योजना झकास आहे, पण ती एकट्यादुकट्या माणसासाठी केलेली. आमच्या बिल्डिंगमध्ये तसला माणूस राहत नाही.

दुसऱ्या माळ्यावरच्या काकाजींचा सकाळी सकाळी फोन. "काय भाऊ, मी कादंबरी उघडली बी नाही, अन् तुमचं मशीन 'वाचलं' म्हणून राह्यलं!"

वाचल्याची खूण ज्याच्या-त्याच्या खात्यात पडते. मी विचारलं, "काकाजी, पासवर्ड आणखी कोणाकडे आहे?"

"कोणाकडेच नाही. फक्त घरच्यांकडे."

घरच्यांत सूनबाई, नातू आणि वर्ध्याचे व्याही. सूनबाईंचं खातं वेगळं काढतो म्हटलं, तर काकाजी दुखावले. "काऊन? आम्ही काय वेगळे राहून राह्यलो का?"

संपादनाचा हक्क मराठीच्या निवृत्त सरांकडे. विद्वान माणूस, आणि विद्वान माणसाला टिक देताना दहादा विचार करावा असं माझं मत आहे. पोरांच्या खात्यांना मी 'मोठ्यांसाठी' हा टॅग बंद करून ठेवला होता. सरांना तो शब्द ढिसाळ वाटला. त्यांनी सगळीकडे 'प्रौढांसाठी' केलं. सॉफ्टवेअरला अर्थ कळत नाही, अक्षर न् अक्षर जुळलं तरच ते पुस्तक लपवतं. त्या सुट्टीत बिल्डिंगमधल्या पोट्ट्यांना वाचनाची जी गोडी लागली, ती पाहून पालकांनी जिन्यात गाठून माझं अभिनंदन केलं. मी ते घेतलं.

मग सेक्रेटरी साहेब. ते वर्तमानपत्रही भविष्यापुरतंच वाचतात. पण, "सेक्रेटरी मी, अन् ॲडमिन तू? हे कसं काय बाप्पा?" सभेत तर्री-पोह्यांच्या साक्षीने ठराव झाला आणि साहेब ॲडमिन झाले. त्याच रात्री त्यांनी मेन्टेनन्स थकवणाऱ्यांच्या डाउनलोडच्या टिका काढून टाकल्या. नोटीस बोर्डावर लाल शाईत नावं लावून जे जमलं नव्हतं, ते आठवड्यात जमलं.

तिसऱ्या माळ्यावरच्या वहिनींनी तर वर्षभराचा चेक एकदम दिला. वर म्हणाल्या, "नवा पासवर्ड पावतीवरच लिहून द्या ना भाऊजी, फ्रिजवर चिकटवते. घरात सगळ्यांना सापडतो."