‘शंभर रुपयांत डझनभर शिकारी बाण’: मेसेजमधलं काय टिकतं, काय मोडतं

सोलापूरकडच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरणारा मेसेज थोडक्यात असा: बुरुडाकडून कोणताही बांबू आणा, एका मापाच्या काड्या कापा, पुढे खिळा ठोका, मागे मिळतील ती पिसं फेवीक्विकनं चिकटवा. शंभर रुपयांत डझनभर शिकारी बाण. जितका हलका तितका घातक. लायसन्स लागत नाही, तेव्हा उसातल्या रानडुकराचा बंदोबस्त घरच्या घरी.

घरी बाण होतो, एवढं खरं. बाकीचं एकेक बघू.

‘लायसन्स लागत नाही.’ प्रश्न हत्याराचा नाहीच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नं अनुसूचीतल्या प्राण्यांची शिकार बंद केली आहे. ती बंदुकीनं केली, फासानं केली की बाणानं, कायद्याला फरक पडत नाही. जखमी करणं आणि नुसता प्रयत्न करणं हेही ‘शिकार’ या व्याख्येत येतं. म्हणजे नेम चुकला तरी गुन्हा झालाच. रानडुक्कर या यादीत आहे. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याच्या माळावरचं काळवीट तर अनुसूची १ मध्ये, तिथं शिक्षा किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद. पीक खाल्लं असेल तर पंचनामा आणि वनखात्याकडे भरपाईचा अर्ज हा रस्ता आहे. जनावर मारायची परवानगी कलम ११ खाली वनखात्याच्या अधिकाऱ्यानं लेखी द्यावी लागते, मेसेजनं नाही. म्हणून खालचं सगळं निशाणावर सोडायच्या बाणांबद्दल आहे.

‘कोणताही बांबू चालतो.’ टोपल्या-सुपांचा बांबू मुद्दाम ओला ठेवतात, कारण त्याच्या कामट्या काढायच्या असतात. त्याचा बाण केला तर महिन्याभरात केळ्यासारखा वाकतो. बाणाला भरीव किंवा जवळजवळ भरीव काडी हवी. मानवेल त्यासाठी बरा. जाडी ८ ते ९ मिलिमीटर, लांबी ९० सेंटिमीटर, म्हणजे नंतर छाटायला वाव राहतो. पावसाळा सरल्यावर तोडलेला घ्या. (वद्य पक्षात तोडला की भुंगा लागत नाही, असं जुनी माणसं सांगतात. पक्ष कोणताही असो, काडीवर टाचणीएवढी भोकं आणि पिवळी भुकटी दिसली तर ती बाजूला टाका.) जुडी घट्ट बांधून सावलीत दोन-तीन महिने आडवी ठेवायची. सोलापूरच्या मे महिन्यात गच्चीवर टाकली तर सुकेल लवकर, पण उभी तडकेल.

सरळ करताना गॅसच्या आचेवर काडी सतत फिरवत ठेवा. हाताला चटका बसेल इतकी तापली की वाकड्या जागी उलट दाब द्या आणि थंड होईपर्यंत धरून ठेवा. काळी पडली की तिथं ठिसूळ झाली, पुढे तिथंच मोडणार. पेरं हलकीच घासा. सपाट करायच्या नादात बाहेरचे चिवट तंतू जातात, आणि बांबूची ताकद त्यांच्यातच असते.

‘एका मापाच्या कापल्या की झाल्या सारख्या.’ हे मेसेजमधलं सगळ्यात महाग वाक्य. लांबी सारखी असून भागत नाही, काडीचा कडकपणा सारखा लागतो. तिरंदाज त्याला स्पाइन म्हणतात. दोरी सुटली की बाण आधी लवतो आणि धनुष्याला वळसा घालून मग सरळ होतो. उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याचा मऊ बाण उजवीकडे जातो, कडक बाण डावीकडे. माणूस मात्र नेम सुधारत बसतो.

मोजायला दोन खिळे पुरतात. ते ६६ सेंटिमीटर अंतरावर ठोका, काडी वर ठेवा आणि मधोमध ९०७ ग्रॅम वजन टांगा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाण्याची बाटली तेवढी भरली की काम झालं. काडी किती मिलिमीटर लवली ते व्हर्नियरनं मोजा आणि ६६० ला त्या आकड्यानं भागा. १६.५ मिलिमीटर लवली तर उत्तर ४०: म्हणजे दोरी २८ इंच ओढायला ४० पौंड जोर लागणाऱ्या धनुष्याच्या आसपासची काडी. तीच काडी पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा. बांबू दोन बाजूंनी वेगळा लवतो. कडक बाजू सगळ्या बाणांत धनुष्याकडेच यायला हवी. एका संचात ५ पौंडांपेक्षा जास्त फरक नको, वजनात ०.६५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. त्यासाठी सराफाकडचा असतो तसा काटा लागतो. सहा जुळणारे बाण हवे असतील तर वीस-पंचवीस काड्या सुकायला घाला. शंभर रुपयांचा हिशेब इथंच संपतो.

‘हलका तितका घातक.’ हलका बाण सुटतो जोरात, पण धनुष्याची सगळी ताकद घेत नाही; उरलेली धनुष्याच्या पात्यांत (वाकणाऱ्या दोन बाजूंत) हादरा होऊन राहते. फार हलका बाण सोडणं रिकामी दोरी सोडण्याच्या जवळचं, पाती तडकू शकतात. साध्या धनुष्याला जोराच्या दर पौंडामागे बाणाचं वजन ८ ते १० ग्रेन (बाण तोलायचं बारीक माप) धरतात. ४० पौंडाला ३२० ते ४०० ग्रेन, म्हणजे साधारण २१ ते २६ ग्रॅम.

‘पुढे खिळा ठोका.’ ठोकताना बांबू फुटतोच. बाणाचं तयार टोक आतून ५ अंशांच्या उताराचं असतं. काडी तेवढीच निमुळती घासून ते बसवायचं. काडी पोकळ असेल तर आधी ५-६ सेंटिमीटर सागाची खुंटी आत चिकटवा. टोकाच्या मागे आणि खोबणीच्या (बाणाच्या मागच्या टोकाला दोरी अडकवायच्या खाचेच्या) खाली १२ ते १५ मिलिमीटर दोरा आवळून गुंडाळा, नाहीतर दोरीच्या धक्क्यानं खोबण चिरते. यंत्रमागांच्या या गावात मजबूत पॉलिस्टर दोऱ्याची वाण नाही. टोक जड केलं की बाण जास्त लवतो, म्हणजे मऊ काडीसारखा वागतो. तेव्हा टोक आधी ठरवा, काड्या त्याप्रमाणे निवडा.

‘कोणतीही पिसं.’ कोंबडीची फार मऊ. घारी-घुबडासारख्या रानपक्ष्यांची बाळगण्यावर त्याच कायद्याचं बंधन. टर्कीच्या पंखातली मोठी पिसं घ्या, पण एका बाणावरची तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची: डावी-उजवी मिसळली तर एक पीस बाणाला एकीकडे फिरवतं, दुसरं उलटीकडे. तिघांत १२० अंश, खोबणीपासून २५ मिलिमीटर अंतर, एक पीस खोबणीच्या चिरेला काटकोनात. पिसाच्या देठाचं पुढचं टोक दोऱ्यानं झाकलंच पाहिजे. ते उघडं राहिलं तर बाण सुटताना तुमच्याच तर्जनीवर ओरखडा काढतं.

‘फेवीक्विक पुरे.’ पिसांना पुरतं, हे मान्य. टोकाला नाही. ते कडक होतं आणि आपटल्यावर सुटतं, मग टोक निशाणात राहतं आणि काडी हातात येते. तिथं दोन ट्यूबचं अराल्डाइट लावा आणि रात्रभर राहू द्या.

शेवटची तपासणी मेसेजमध्ये नाहीच. बाण सोडण्याआधी दर वेळी दोन्ही टोकं धरून कानाजवळ हलका वाकवायचा, फिरवायचा, पुन्हा वाकवायचा. बारीक करकर ऐकू आली किंवा उभी केसाएवढी चीर दिसली तर तो दोरीला लावायचा नाही. सुटताना मोडलेला बाण धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. चीर गेलेल्या बाणाचे तिथल्या तिथं दोन तुकडे करा, म्हणजे दुसरं कोणी उचलून सोडणार नाही.